ओठ न मिटता रामकथा

इंग्रजी शब्दांचा नाद असलेल्या लोकांमध्ये एक खेळ फार दिवसांपासून चालत आला आहे. काही अक्षरे ठरवून घ्यायची आणि तेवढ्याच अक्षरांतून बनणारे लांबात लांब शब्द शोधून काढायचे. टाइपरायटर नावाचे यंत्र १८७० नंतरच्या वर्षांत अमेरिकेत बाजारात आले आणि त्याच्या कळांची मांडणी हळूहळू ठरून गेली. आज आपल्या खिशातल्या मोबाइलवर इंग्रजी अक्षरांची जी रांग दिसते, ती त्या यंत्रापासूनच चालत आलेली. तिच्या वरच्या ओळीत दहा अक्षरे आहेत. गंमत अशी की ‘टाइपरायटर’ हा दहा अक्षरी इंग्रजी शब्द त्या एकाच ओळीतल्या अक्षरांनी लिहिता येतो. ‘प्रोप्रायटर’ म्हणजे दुकानाचा मालक, हाही तसाच. दुसरा एक शब्द आहे ‘अनकॉपीराइटेबल’. त्याच्या स्पेलिंगमध्ये पंधरा अक्षरे असून एकही अक्षर दोनदा आलेले नाही. ‘फॅसीशस’ म्हणजे थट्टेखोर. या शब्दात इंग्रजीतले पाचही स्वर आपापल्या क्रमाने येऊन बसले आहेत.

पण हाच ‘फॅसीशस’ शब्द वर जसा देवनागरीत लिहिला आहे, तसा पाहिला तर पाच स्वर कुठे दिसतात का? नाही दिसत. रेडिओवर तो नुसता उच्चारला, तर ऐकणाऱ्याला त्यातली खुबी कळणारच नाही. कारण तो खेळ कागदावरचा आहे, डोळ्यांचा आहे. इंग्रजीत अक्षर आणि उच्चार यांची फारकत झालेली असल्यामुळे खेळ अक्षरांशी राहतो, आवाजापर्यंत तो पोचत नाही.

आपल्याकडेही अक्षरांचे खेळ झाले आणि ते फार मोठ्या प्रमाणावर झाले. पण ते मुख्यतः तोंडाचे आणि कानाचे झाले. असे का, याचे उत्तर आपल्या वर्णमालेत आहे.

शाळेत पहिलीच्या वर्गात मूल क, ख, ग, घ घोकते. पाठोपाठ च, मग ट, मग त आणि शेवटी प. हा क्रम कोणी लहर लागली म्हणून लावलेला नाही. ‘क’ म्हणताना आवाज घशाशी अडतो. ‘च’ला जीभ टाळूला लागते. ‘ट’ला जिभेचे टोक वर वळते, ‘त’ला ते दातांना टेकते आणि ‘प’ला दोन्ही ओठ मिटतात. घशापासून निघून ओठांपर्यंतचा हा प्रवास आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य अशी नावे जुन्या व्याकरणकारांनी या पाच मुक्कामांना दिली. वेदपाठ बिघडू नये म्हणून उच्चारांची ही छाननी प्राचीन काळीच झाली होती. इंग्रजीत ए पाठोपाठ बी का, याला उच्चाराच्या अंगाने काही कारण सांगता येत नाही. आपल्या ‘क’नंतर ‘च’ का, हे पाच वर्षांच्या पोरालाही स्वतःच्या तोंडात तपासून पाहता येते.

अशी वर्णमाला हाती असल्यावर कवींना निराळाच खेळ सुचला. तोंडातला एखादा मुक्कामच वर्ज्य करायचा आणि तरी कविता करायची. दंडी हा संस्कृतातला मोठा लेखक, सातव्या शतकाच्या सुमाराचा. ‘काव्यादर्श’ या ग्रंथात त्याने अवघड रचनांचे प्रकार सांगितले आहेत. त्यांत स्वरांचा नियम, उच्चारस्थानाचा नियम आणि वर्णांचा नियम असे तीन भाग केले आहेत. नुसता नियम सांगून तो थांबला नाही. ‘दशकुमारचरित’ या त्याच्या गद्यकथेत मंत्रगुप्त नावाचा एक राजकुमार आपली हकीकत सांगतो. त्याचा ओठ प्रियेच्या दातांनी दुखावलेला असतो. म्हणून तो सगळी कथा ओठ न मिटता सांगतो. पूर्ण प्रकरणभर प, फ, ब, भ, म यांतले अक्षर नाही. याला ‘निरोष्ठ्य’ रचना म्हणतात.

त्याच परंपरेत भारवीने ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गात एक श्लोक असा लिहिला की, शेवटचा ‘त्’ सोडला तर त्यात ‘न’ या एका व्यंजनाखेरीज दुसरे व्यंजनच नाही. माघानेही ‘शिशुपालवधा’च्या एकोणिसाव्या सर्गात अशाच कसरती केल्या. पंडितांच्या सभेत अशा श्लोकांची वाहवा होई. पण त्यावर नापसंतीही होती, हे विसरून चालणार नाही. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आणि नुसत्या शब्दांच्या नक्षीवर उभे असलेले चित्रकाव्य सर्वांत खालच्या पायरीवर बसवले. म्हणजे ही करामत मोठी की काव्य मोठे, हा वाद मराठी कवींच्या पुष्कळ आधीपासून चालू आहे.

मराठीत हा खेळ आला तो यमकाच्या वाटेने. यमक म्हणजे तीच अक्षरे पुन्हा यायची, पण अर्थ वेगळा व्हायचा. आता पनवेलजवळच्या कळंबोलीच्या शेजारी कामोठे गाव आहे. कोणी विचारले की ‘कामोठे का मोठे?’, तर झाले यमक. अक्षरे तीच, एकदा गावाचे नाव आणि एकदा प्रश्न. सतराव्या शतकातल्या वामन पंडितांना या प्रकारची इतकी हौस होती की लोक त्यांना ‘यमक्या वामन’ म्हणू लागले. त्यात थट्टा होती आणि कौतुकही होते.

यमकाचा एक व्यवहारी उपयोगही होता. त्या काळी छापखाने नव्हते. पोथी एखाद्याच्या घरी, ऐकणारे शंभर. कीर्तनकार उभा राहून आख्यान लावी आणि लोक ते कानांत साठवून घरी नेत. तीच अक्षरे ठराविक जागी परत येत असली की ओळ लक्षात राहते. आजही घरोघरी भेंड्या लावताना आपण शेवटच्या अक्षरावरूनच पुढची कविता आठवतो. अक्षरांची आठवण ही अशी कानाची आठवण आहे.

या साऱ्या परंपरेचा कळस झाला तो मोरोपंतांपाशी. मोरोपंत पराडकरांचा जन्म १७२९ साली पन्हाळगडावर झाला. तिथेच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये यांच्यापाशी त्यांचे संस्कृतचे अध्ययन झाले. पुढे ते बारामतीस आले. बाबूराव नाईक बारामतीकरांच्या आश्रयाने त्यांनी आयुष्याची बहुतेक वर्षे तिथे पुराण सांगण्यात आणि काव्य रचण्यात घालवली. १७९४ साली बारामतीसच त्यांचा देह पडला. संपूर्ण महाभारत त्यांनी आर्या वृत्तात मराठीत आणले. मराठीत आर्या म्हटली की पंतांचेच नाव तोंडी येते, असा त्यांचा त्या वृत्तावर हात बसला होता.

रामकथेवर तर त्यांचे मन इतके जडले होते की त्यांनी १०८ रामायणे रचली, अशी परंपरा आहे. ती सगळी आज हाती नाहीत, तरी जी आहेत त्यांची नावे वाचली तरी माणूस चकित होतो. ‘मंत्ररामायणा’त ‘श्रीराम जयराम जयजयराम’ या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरे क्रमाने गुंफली आहेत. ‘परंतु रामायण’ नावाचे एक रामायण आहे. आणि एक आहे ‘निरोष्ठ रामायण’.

या शेवटच्या नावापाशी जरा थांबायला हवे. निरोष्ठ म्हणजे ओठांची अक्षरे वर्ज्य. प, फ, ब, भ, म यांतले एकही व्यंजन येता कामा नये. काटेकोर पंडित याहून पुढे जाऊन ‘व’ हे दात आणि ओठ यांच्यामधले अक्षर आणि उ, ओ यांसारखे ओठ गोल करणारे स्वरही ओठांच्या खात्यात धरतात. आपण तितके खोलात नको जाऊ या. नुसती पाच व्यंजने बंद केली, तर रामकथेचे काय होते, एवढे पाहू.

पहिल्याच पावलाला अडचण. ‘राम’ या नावात ‘म’ आहे. म्हणजे रामायण लिहायचे आणि त्यात ‘राम’ म्हणायचे नाही! लक्ष्मण गेला, भरत गेला, सुमित्रा, मंथरा, मंदोदरी गेल्या. हनुमान नाही, मारुती नाही, बिभीषण नाही, कुंभकर्ण नाही. पंचवटी नाही आणि पंपा सरोवरही नाही. पहिले रामायण लिहिणारे वाल्मीकी नाहीत आणि हे रामायण लिहिणाऱ्या मोरोपंतांचे स्वतःचे नावही त्यात बसत नाही. ‘मी’ नाही, ‘आम्ही’ नाही, ‘तुम्ही’ नाही. ‘म्हणाला’ नाही, ‘बोलला’ नाही. ज्या कवीने ‘परंतु रामायण’ रचले, त्याला इथे ‘पण’ आणि ‘परंतु’ दोन्ही बंद.

मग उरले कोण? सीता उरली, जनक उरला. दशरथ, कौसल्या, कैकेयी, शत्रुघ्न, जटायू, अंगद, नल, नील, इंद्रजित उरले. अयोध्या, शरयू आणि लंका उरली. आणि रामाला हाक मारायची तर दाशरथी म्हणता येते, जानकीनाथ म्हणता येते, सीताकांत किंवा कौसल्यानंदन म्हणता येते. भरताला कैकेयीसुत, हनुमंताला अंजनीनंदन, रावणाला दशानन किंवा लंकेश. ‘म्हणाला’च्या जागी ‘सांगे’ किंवा ‘कथी’ चालते. म्हणजे वाट अगदीच बंद नाही, पण प्रत्येक पावलाला वळसा आहे.

मात्र या वळशामुळे काय होते, तेही पाहा. रामाला ‘राम’ म्हणता येत नाही, तेव्हा तो कोणाचा तरी होतो. दशरथाचा मुलगा, जानकीचा पती, कौसल्येचा आनंद. अंजनीचा मुलगा म्हटले की आईची आठवण निघते. नाव घेण्याऐवजी नाते सांगावे लागते. आपल्या खेड्यांत जुन्या बायका नवऱ्याचे नाव घेत नसत. मुलाचे नाव घेऊन त्याचे बाबा म्हणत, नाहीतर उखाण्यात गुंफत. नाव टाळले म्हणून माणूस दूर जात नसे. निरोष्ठ रचनेच्या मागे अशीच काहीशी गोडी आहे.

कोणी म्हणेल, हा रिकामपणाचा उद्योग झाला. असे म्हणणारे पुष्कळ झाले आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. पंतांची कविता संस्कृत शब्दांनी जड आहे, यमकासाठी ओढाताण झाली आहे, हे आक्षेप एकोणिसाव्या शतकात सुशिक्षितांनी घेतले. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘निबंधमाले’त मोरोपंतांच्या कवितेवर लिहून पंतांची बाजू मांडली. पुढे केशवसुतांपासून मराठी कवितेचे वळणच बदलले. कवीने आपल्या मनातले सांगावे, अक्षरांची कसरत करू नये, अशी नवी आवड रुजली. ती चांगलीच झाली. पण तिच्या लोंढ्यात एक गोष्ट विसरली गेली. ज्या कवीने निरोष्ठ रामायणात ओठ बांधून घेतले, त्याच कवीने ‘केकावली’त देवाला मोकळ्या तोंडाने हाक मारली आहे. मयूर म्हणजे मोर, म्हणून त्याची हाक ती केका. बांधलेल्या ओठांचा सराव ज्याने केला, त्याला मोकळ्या ओठांची किंमत ठाऊक होती.

हा ठेवा टिकला तो काही लोकांच्या कष्टांमुळे. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १८५४ साली ‘नवनीत’ हा जुन्या कवितांचा वेचा काढला आणि तो शाळांतून पिढ्यान्पिढ्या शिकवला गेला. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. जुन्या मराठी कवींचे ग्रंथ तिथून नीटनेटके छापून बाहेर पडले. १९०८ साली ल. रा. पांगारकर यांनी मोरोपंतांचे चरित्र आणि काव्यविवेचन लिहिले. पोथ्यांत राहिलेले पंत अशा रीतीने पुस्तकांत आले.

परदेशातही हा खेळ झाला. अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट या अमेरिकन लेखकाची ‘गॅड्सबी’ ही कादंबरी १९३९ साली निघाली. सुमारे पन्नास हजार शब्दांच्या या पुस्तकात इंग्रजीतले सर्वांत जास्त लागणारे अक्षर, ‘ई’, एकदाही नाही. चुकूनही ते उमटू नये म्हणून त्याने टाइपरायटरची ‘ई’ची कळ बांधून ठेवली होती. १९६९ साली जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकानेही त्याच अक्षरावाचून कादंबरी लिहिली. तिकडे यंत्राची कळ बांधावी लागली, इकडे माणसाचे ओठ. दोन लिप्यांमधला फरक यात नेमका दिसतो.

आता शिक्षकांसाठी एक गोष्ट, आणि ती या साऱ्या इतिहासातून थेट वर्गात येणारी आहे.

कळंबोली हे नावच घ्या. कळंब म्हणजे कदंबाचे झाड. एके काळी भातखाचरांचे हे गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, आणि आज तिथे लोखंडाचा मोठा बाजार आहे, सेक्टर आहेत, पुण्याचा द्रुतगती मार्ग तिथून सुरू होतो. गावच्या जुन्या आगरी माणसांच्या बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. डोळ्याला ते ‘डोला’ म्हणतात, पाण्याला ‘पानी’. मग गावाचे नाव होते ‘कलंबोली’. त्याच गावाच्या इंग्रजी पाटीवरही ‘ळ’ नाही, कारण इंग्रजीत ते अक्षरच नाही. पाटी वाचून बाहेरगावचा माणूसही ‘कलंबोली’च म्हणतो. उच्चार दोघांचा एकच. पाहुण्याला कोणी हसत नाही. आगरी घरातले पोर मात्र वर्गात तसे म्हणाले की पुष्कळ ठिकाणी हशा होतो, ‘अशुद्ध’ म्हणून शेरा मिळतो आणि ते पोर पुढे तोंडच उघडत नाही.

वर्णमालेच्या अंगाने पाहिले, तर या पोराने काय केले? ‘ळ’ आणि ‘ण’ ही मूर्धन्य अक्षरे, जीभ वर वळवून म्हणायची. ‘ल’ आणि ‘न’ ही दंत्य अक्षरे, जीभ दातांपाशी नेऊन म्हणायची. त्याच्या बोलीत जीभ एक मुक्काम पुढे येते, इतकेच. आणि ती प्रत्येक वेळी नेमकी तितकीच येते, म्हणजे त्यात नियम आहे. नियमाने चालणाऱ्या बोलीला गबाळी म्हणता येत नाही. शिक्षकाने ‘चूक!’ म्हणून खेकसण्यापेक्षा ‘बाळ, पुस्तकातले अक्षर म्हणताना जीभ जरा वर वळव बघू, आणि घरचे म्हणताना दातांपाशी ठेव’ असे सांगितले, तर पोराला दोन्ही उच्चार येतील आणि आजीच्या बोलीची लाजही वाटणार नाही.

आणि हे शिकवायला पंतांचा खेळ फार उपयोगी पडतो. मुलांना सांगावे, दोन ओठांमध्ये बोट आडवे धरा आणि गावांची नावे घ्या. खारघर म्हणता येते, तळोजे म्हणता येते, करंजाडे आणि कर्जतही म्हणता येते. पनवेल अडते, कामोठे अडते, रोडपाली अडते आणि आपली कळंबोलीही ‘ब’पाशी अडते. मग घरातली नाती घ्यावीत. आई, ताई, दादा, काका, आजी, आत्या ही सगळी बिनओठांची. बाबा, मामा, मावशी, आजोबा, भाऊ, बहीण इथे मात्र ओठ मिटल्याशिवाय गत्यंतर नाही. याला पुस्तक नको की पैसा नको. अर्ध्या तासात पवर्ग म्हणजे काय, हे मुलांना कायमचे कळते. दुसऱ्या दिवशी मूर्धन्य अक्षरांचा खेळ घ्यावा, म्हणजे ‘ळ’ आणि ‘ण’ आपोआप पुढे येतील. वर्गात आगरी, कोकणी, घाटावरची आणि उत्तरेकडची मुले एकत्र बसलेली असली, तर हा खेळ अधिकच रंगतो, कारण प्रत्येकाची जीभ कुठे वळते हे त्यांचे त्यांनाच शोधता येते.

इंग्रजीची लांबलचक स्पेलिंगे मुलांनी जरूर पाठ करावीत. आजच्या जगात त्यावाचून चालणार नाही. पण ती पाठ करावी लागतात, कारण तिथे डोळ्यांचे काम आहे. आपली अक्षरे मात्र मुलाच्या तोंडात आधीपासूनच आहेत. ती कुठे आहेत, एवढे दाखवून देणे हे शिक्षकाचे काम. बारामतीच्या पुराणिकाने दोनशे वर्षांपूर्वी सबंध रामकथा ओठ न मिटता सांगितली, ती याच ज्ञानाच्या जोरावर.